प्रिंटचा खर्च गेला, तरी मराठी सिनेमाला शो का टिकत नाहीत?

पडद्यामागे:
मी एका मराठी सिनेमात असिस्टंट डिरेक्टर होतो. शुक्रवारी लागला, शनिवार-रविवार गर्दीही बरी होती. सोमवारी आईने सोसायटीतल्या सात बायकांची तिकिटं काढायला अ‍ॅप उघडलं तर अख्ख्या डोंबिवलीत आमचा एकच शो, सकाळी पावणेदहाचा. त्या वेळी घरातलं टाकून कोण जाणार? मला हे खरंच समजून घ्यायचंय. पूर्वी एका प्रिंटला, म्हणजे थिएटरला पाठवायच्या फिल्मच्या रिळांच्या एका प्रतीला, पन्नास-साठ हजार लागायचे म्हणून छोटा निर्माता मार खायचा, आता सॅटेलाइटने नाहीतर हार्ड डिस्कवर फाइल जाते, मग आपल्याला जास्त दिवस मिळायला हवे होते ना?

लालबागचा_पोरगा:
माझे वडील दादरला थिएटरात प्रोजेक्टर ऑपरेटर होते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट फिल्म, चार किलोमीटर झाली! प्रिंट मोजक्याच निघायच्या, कधी कधी दोन थिएटरांत मिळून एकच, मग इथली रिळं संपली की पोरगा सायकलवर डबे लादून तिकडे पळणार, तिकडचा शो मुद्दाम उशिरा लावलेला, आणि तो ट्रॅफिकमध्ये अडकला की पब्लिक खुर्च्या बडवायचं. पण एकदा डबे आले की हप्ताभर सिनेमा सहसा हलायचा नाही, कारण बदली प्रिंट लगेच आणणार कुठून? तेवढ्यात माऊथ पब्लिसिटी व्हायची. भारतमाता थिएटरला मराठी सिनेमा आठवड्यांमागून आठवडे चालायचा तो असाच.

चावीवाली:
सिनेमाच्या पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये काम करते, दादा बरोबर बोलतायत. आता फाइल लॉक असते, ती उघडायची चावी म्हणजे केडीएम, थिएटरच्या ठरावीक सर्व्हरला ठरावीक तारखांपुरतीच चालते. पण सर्व्हरवर चार-पाच सिनेमे आधीच पडलेले असतात, त्यामुळे दुपारचं बुकिंग बघून मॅनेजर संध्याकाळचा शो बदलू शकतो. आणि मोठ्या हिंदी सिनेमाला प्रिंटच्या खर्चाचा जो लगाम होता तो सुटला, तो एकाच दिवशी हजारो स्क्रीनवर लागतो, मग जागा कोणाची जाणार? खर्च संपला हेही पूर्ण खरं नाही, व्हीपीएफ, म्हणजे डिजिटल प्रोजेक्शनसाठीची ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’, आहेच, स्क्रीनमागे निर्मात्यानेच भरायची. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळ निर्मात्यांनी यावरूनच नवे सिनेमे लावणं थांबवलं होतं, दीडेक महिना. आपल्याकडे एवढी एकी झाली तर मला फार बरं वाटेल.

माहीमकर:
सरकारने २०१५ ला मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्यायचं ठरवलं, पण ओरड झाल्यावर तो प्राइम टाइम दुपारी १२ ते रात्री ९ एवढा ताणला. मंगळवारी दुपारी १२ ला नोकरी करणारा माणूस येईल कसा? माझं मत, शंभर स्क्रीनच्या मागे लागू नका. दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली अशी वीसच घ्या, पण शो संध्याकाळी सातनंतरचा आणि दोन आठवड्यांचा शब्द लेखी घ्या.

पडद्यामागे:
आमच्या वितरकाने दीडशे स्क्रीन सांगितल्या तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. प्रत्येक स्क्रीनमागे फी जाते हे तेव्हा कोणी बोललंच नाही. चावीवाली ताई, वीस स्क्रीन दोन आठवड्यांसाठी घेतल्या तर व्हीपीएफ शोवर लागते की आठवड्यावर? पुढचा सिनेमा एडिटला आहे, निर्मात्यांना भेटण्याआधी हे कळलं तर बरं होईल.