मुरमाड जागेत माळावरची गवते लावण्याबाबत आणि त्यांचे तुरे सजावटीत वापरण्याबाबत

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)
आमच्या घरामागे सुमारे दोन गुंठे मुरमाड, उताराची जागा आहे. तेथे लॉन केले तर उन्हाळ्यात त्याला पाणी पुरवणे परवडणार नाही, म्हणून आपल्या माळांवरची गवते आणि रानफुले लावण्याचा विचार आहे. माझी बहीण लग्नसमारंभांची पुष्पसजावट करते. रंगवलेल्या पंपास गवताऐवजी तिला घरचेच तुरे वापरता आले तर उत्तम. कोणती गवते निवडावीत आणि केव्हा लावावीत?

उत्तर (उद्यानरचनाकार)
उताराच्या वरच्या, उथळ मातीत पवन्या आणि डोंगरी लावावे. खाली, जिथे माती साठून ओल टिकते, तिथे मारवेल. मारवेलची ठोंबे पाऊस स्थिरावल्यावर लावली की सहज जीव धरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण काढले आहेत, पण ते चाऱ्यासाठी निवडलेले आहेत, शोभेसाठी नव्हेत, हे लक्षात घ्यावे. पवन्याचे ताजे बी नीट उगवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करून कोरडे ठेवावे आणि पुढच्या जूनमध्ये अगदी वरवर पेरावे.

शेणखत मात्र घालू नये. ही गवते हलक्या जमिनीत ताठ उभी राहतात. खत मिळाले की लोळतात आणि मधल्या जागेत गाजरगवत माजते, जे फुलण्याआधीच उपटावे लागते. फुलांसाठी कुर्डू आणि तेरडा पुरेसे आहेत. सोनकीचा मोह टाळावा, कारण ती इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसाची आहे आणि शहराकडे येईपर्यंत पाऊस फारच कमी होतो. पावसाळा सरल्यावर हळूहळू सारे पिवळे पडेल. शेजारी बाग मेली म्हणतील, तरी बी झडेपर्यंत थांबून मगच चार बोटे ठेवून कापावे.

उत्तर (पुष्पसजावटकार, पंचवटी)
ताईंसाठी सर्वांत भरवशाचे कुर्डूच. त्याची कणसे कागदासारखी कोरडी असल्यामुळे वाळल्यावरही आकार टिकतो आणि गुलाबी टोक फिके होत चंदेरी दिसते. गवताचे तुरे पूर्ण उमलण्याआधी, आवरणातून नुकते बाहेर येत असताना कापावेत, कारण पिकलेला तुरा मंडपात झडतो. सैल जुड्या बांधून त्या अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलट्या टांगाव्यात. पंपासच्या जागी गोदाकाठचा काश वापरता येतो, पण तो बागेत लावू नये, कारण जमिनीखालच्या खोडांनी तो साऱ्या वाफ्यात पसरतो. तेरडा गौरींसाठी मुळासकट उपटला जातो तो ठीकच, परंतु फुलदाणीत त्याच्या पाकळ्या लवकर गळतात.

उत्तर (वनस्पती अभ्यासक)
कुसळी कितीही देखणी दिसली तरी पायवाटेच्या आणि मंडपाच्या जवळ नको. तिच्या बियांची कुसळे ओलाव्यानुसार पीळ घेतात आणि सोडतात, त्यामुळे बी मातीत शिरते आणि त्याच रीतीने मोज्यांत व येवल्याच्या पैठणीतही. दुसरे असे की बी किंवा रोपे अंजनेरीसारख्या संरक्षित क्षेत्रातून आणू नयेत. तेथील कड्यांवर सेरोपेजिया अंजनेरिकासारखी दुर्मीळ वनस्पती वाढते. एखाद्या शेतकऱ्याच्या खासगी कुरणात, कापणीपूर्वी त्यांची परवानगी घेऊन, मूठभर बी सहज मिळते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. यंदा मारवेलची ठोंबे आणि कुर्डू यांच्यापासून सुरुवात करतो. पवन्याचे बी दिवाळीच्या सुमारास गोळा करीन.