ते डाग हेळसांडीचे नाहीत

इटलीतल्या असिसी गावी संत फ्रान्सिसचं जे एकावर एक बांधलेलं दुमजली चर्च आहे, त्यातल्या वरच्या चर्चमध्ये छताला 'कुठे रंग, कुठे नुसता गिलावा, देखभाल अगदीच यथातथा' असं एकांनी लिहिलेलं वाचलं. दिसतं तसंच, पण कारण वेगळं आहे. २६ सप्टेंबर १९९७ ला रात्री अडीचच्या सुमारास भूकंप झाला. सकाळी नुकसान बघायला पाद्री आणि तज्ज्ञ मंडळी आत गेली, आणि पावणेबाराच्या आसपास दुसरा, जास्त मोठा धक्का बसला. कमानींचं छत कोसळून आतले चौघे गेले. कमानींवर शतकानुशतकं साचत गेलेला भराव, म्हणजे राडारोडा, हेही छत पडण्याचं एक कारण निघालं.

छतावर चिमाबुए या तेराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराने रंगवलेल्या संत मॅथ्यूच्या चित्राचा तर चुरा झाला होता. ढिगाऱ्यातून तुकडे वेचून, रंगावरून जुळवत लोक वर्षानुवर्षं बसले. चर्च १९९९ च्या नोव्हेंबरात उघडलं, मॅथ्यू मात्र २००६ मध्ये परत वर गेला, तोही अर्धामुर्धा. जिथे मूळ तुकडा मिळाला नाही तिथे नवं चित्र रंगवलं नाही, फिका रंग देऊन सोडून दिलं. मला हे फार आवडलं. मी मान दुखेपर्यंत वर बघत होतो, नखाएवढे तुकडेसुद्धा बसवलेत.

बाजूच्या भिंतीवरचं क्रूसारोहणाचं (येशूला क्रूसावर चढवल्याचं) चित्र मात्र फोटोच्या निगेटिव्हसारखं काळपट दिसतं. त्यात भूकंपाचा हात नाही. पांढऱ्या रंगातलं शिसं काळं पडलंय.