ग्रुपवर राजकारण नको, मग निर्णयांबद्दल बोलायचं कुठे?

सोमवार, ३० जून २०२५

सी-२०१: पहिलीपासून हिंदीचे दोन्ही जीआर (शासन निर्णय) रद्द! काल संध्याकाळी मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. माझी लेक यंदाच पहिलीत गेली आहे. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले, पण तिला नक्की किती भाषा शिकायच्या आहेत हे तिच्या बाईंनाही सांगता येत नव्हतं. आज जरा हायसं वाटलं.

ए-१०१ (सेक्रेटरी): ताई, तुमचा आनंद समजतो. पण ग्रुपवर राजकीय पोस्ट नकोत असं ठरलंय. विधानसभेच्या वेळी काय झालं ते आठवा. तीन घरं ग्रुप सोडून गेली आणि त्यातली दोन अजून मीटिंगला येत नाहीत.

सी-२०१: दादा, यात मी कुठल्या पक्षाचं नाव घेतलं? माझ्या मुलीच्या वर्गात काय शिकवणार, एवढंच बोलतेय.

बी-३०४: पक्ष आलाच की. ठाकरे बंधूंच्या मोर्चाची तारीख जाहीर झाली नसती तर जीआर मागे घेतला असता का? श्रेय ज्याचं त्याला द्या.

सी-५०२: श्रेय कसलं? उद्धव ठाकरे सरकारच्या काळातल्या समितीने हिंदीबद्दल काय शिफारस केली होती, तेही काढा मग.

ए-१०१ (सेक्रेटरी): हेच नको म्हणतोय मी 🙏

बी-१०२: बी विंगला पाणी कधी येणार? टाकी रिकामी आहे.

ए-१०१ (सेक्रेटरी): काकू, पंप सुरू केलाय. अर्ध्या तासात येईल.

ए-४०३: सेक्रेटरी साहेब, मला थोडं लिहू द्या. मी अठ्ठावीस वर्षं मंत्रालयात काढली, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. या विषयावर मला कुठल्याच पक्षाची बाजू घ्यायची नाही, पण गप्पही बसवत नाही.

१६ एप्रिलला पहिला जीआर निघाला : पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून अनिवार्य. गदारोळ झाला. १७ जूनला दुसरा निघाला. त्यात ‘अनिवार्य’ गेलं आणि ‘सर्वसाधारणपणे’ आलं. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं हवीत, अशी अट आली. काल, २९ जूनला, दोन्ही रद्द झाले आणि अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. अडीच महिन्यांत हे सगळं. आणि यात हजारो शाळा, लाखो मुलं.

मला टोचतं ते हे, की समिती शेवटी आली. खरं तर ती सुरुवातीला यायला हवी होती. राज्याची स्वतःची भाषा सल्लागार समिती आहे, सरकारनेच नेमलेली. तिने एप्रिलमध्येच विरोध कळवला होता. जे तज्ज्ञ आपणच नेमले, त्यांना आधी विचारायचं नाही, त्यांनी आपणहून लिहिलं तरी दोन महिने थांबायचं, आणि लोक रस्त्यावर यायच्या बेतात असले की नवी समिती. या क्रमात बालवाडीच्या बाईंपासून बालमानसशास्त्र जाणणाऱ्यांपर्यंत कुणालाच बोलायची पाळी येत नाही.

सी-२०१: काका, मला एक नेहमी प्रश्न पडतो. जीआर म्हणजे कायदाच ना?

ए-४०३: नाही ताई, आणि हा फरक सगळ्यांना माहीत असायला हवा. कायदा विधिमंडळात मांडावा लागतो. दोन्ही सभागृहांत चर्चा होते, मतदान होतं, मग राज्यपालांची संमती. अधिवेशन चालू नसताना घाई असेल तर अध्यादेश काढता येतो, पण तोही पुढच्या अधिवेशनापुढे ठेवावा लागतो आणि सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपतो. शासन निर्णय म्हणजे सरकारने आपल्याच यंत्रणेला दिलेला लेखी आदेश. खाली ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं लिहिलेलं असतं आणि सही बहुतेक वेळा अवर सचिवाची किंवा उपसचिवाची असते. सभागृहात न जाता तो निघतो आणि न जाता रद्द होतो.

रोजच्या कारभाराला जीआर लागतातच. बदल्या, अनुदानाचे हप्ते, खरेदीच्या मंजुऱ्या, या प्रत्येकासाठी कायदा करत बसलो तर राज्य चालायचं नाही. पण पिढीच्या शिक्षणाचा प्रश्न एका सहीच्या कागदावर येतो, तेव्हा तो तितक्याच सहज मागेही जातो. एखादी नस्ती, म्हणजे फाइल, सावकाश फिरते तेव्हा लोक आम्हाला शिव्या देत, ते मी ऐकलेलं आहे. पण त्या फिरण्यात वित्त विभाग विचारतो की पैसे कुठून, विधी व न्याय विभाग विचारतो की कायद्यात बसतं का. हे प्रश्न आधी विचारले नाहीत तर नंतर लोक विचारतात, आणि तोवर शाळा सुरू झालेली असते.

सी-५०२: काका, हे मान्य. पण लोकांना विचारत बसलं तर काहीच होणार नाही. प्रत्येक गोष्टीला विरोध करणारे असतातच.

ए-४०३: असतात. तरी विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवायचा, हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची, हे आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यातच आहे. रस्ता रुंद करायचा तर हरकत ऐकायची सक्ती, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर एक भाषा वाढवायची तर नाही. हे मला पटत नाही.

बी-३०४: मी खजिनदार म्हणून बोलतो. काकांनी पैशाचं काढलं म्हणून. आजच अधिवेशन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटबाहेरचा जादा खर्च, मांडल्या. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला होता. त्यातच महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवलेली आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाण्याचा अंदाज. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत बजेट पास करून घेऊन मी तीन महिन्यांत पुन्हा दारात उभा राहिलो, तर तुम्ही मला आधीचा हिशेब विचाराल की नाही? विचारलाच पाहिजे. लाडक्या बहिणीला गेल्या वर्षी ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं होतं, यंदा तरतूद ३६ हजार कोटींची. प्रचारात २,१०० म्हणाले, देतात १,५००. मग आधी कुणी गणित मांडलंच नव्हतं का?

बी-१०२: दादा, पाणी आलं, धन्यवाद. आणि आता मी पण बोलते. हिशेब सुरू झाला की बायकांच्या दीड हजारापासूनच का होतो? माझ्याकडे पोळ्यांना येणारी ताई चार घरं करते. तिच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा नियमित पैसे जमा होतात. नवऱ्याला न विचारता तिने गॅसची शेगडी घेतली. ती मला दाखवायला फोटो घेऊन आली होती. तुमच्या तुटीच्या आकड्यात ती शेगडी दिसत नाही.

बी-३०४: काकू, त्या ताईंना पैसे मिळू नयेत असं मी म्हटलंच नाही.

बी-१०२: म्हटलं नाहीत, पण नाव तिचंच पहिलं घेतलंत. मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ केला, त्याची भरपाई कोण करतंय? त्याबद्दल या ग्रुपवर एकाने तरी विचारलं का? उलट सगळ्यांनी अंगठे दिले होते. मला आठवतंय.

ए-२०३: काकू, माझाच अंगठा पहिला होता. मी दर आठवड्याला वाशीवरून जातो. गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने ठरवलं, त्याच मध्यरात्रीपासून लागू, आणि दुसऱ्या दिवशी आचारसंहिता. माझे पैसे वाचतात, ते मला हवेतच, पण कंत्राटदाराला द्यायची भरपाई राज्याच्या तिजोरीतून जाते. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही तोही माझा टोल भरतोय. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तुमचं बरोबर आहे.

ए-४०३: काकूंनी नेमकं बोट ठेवलं. पोळ्यांच्या ताईंचं निघालं म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो, कारण आपल्या राज्याने हे एकदा फार चांगलं करून दाखवलेलं आहे.

तुमच्यापैकी नोकरी करणाऱ्यांच्या पगारातून महिना २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला २,५००. पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसतो. तो का सुरू झाला, हे तरुणांना माहीत नसतं. रोजगार हमी योजनेसाठी! वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी ही कल्पना १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला छोट्या प्रमाणात करून पाहिली. मग १९७२ चा दुष्काळ आला. माझ्या वडिलांनी तेव्हा खडी फोडली आहे. आई पाटीने माती वाहत होती आणि मी बांधावर धाकट्या बहिणीला सांभाळत होतो. दुष्काळात योजना राज्यभर गेली. १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसला, आणि त्यातून जेवढे जमतील तेवढेच राज्याने स्वतःचे घालायचे ठरलं. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. विरोधी पक्षांनी आणि शेतमजुरांच्या संघटनांनीही ती मागणी लावून धरली होती. पुढे देशाने २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी ही योजना आहे.

आधी करून पाहिलं, पैसे कुठून येणार ते ठरवलं, कोणी द्यायचे ते उघड सांगितलं, आणि शेवटी कायद्याने हक्क दिला. त्या योजनेत पुढे गैरव्यवहार झाले, खोट्या हजेरीपटांच्या चौकश्यांच्या फायली मी स्वतः हाताळल्या. तरी काम मागणाऱ्याला ते हक्काने मागता येत होतं, कारण कायदा होता. पोळ्यांच्या ताईंचा हप्ता जीआरवर आहे. उद्या निकष बदलले आणि तिचं नाव गळलं, तर ती कुठल्या कलमाखाली दाद मागणार? माझी काळजी ती आहे, काकू. पैसे जास्त जातात ही नाही.

बी-१०२: हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. तिला सांगते सगळी कागदपत्रं नीट ठेव म्हणून.

सी-५०२: पण काका, घोळ सगळेच घालतात, हे तरी म्हणा. प्रभागरचनेचं बघा. पुण्यात २०१२ ला दोनचा प्रभाग, २०१७ ला चारचा. महाविकास आघाडीने आधी एकचा केला, मग तीनचा. २०२२ मध्ये शिंदे सरकार आलं आणि पुन्हा चारचा. एका प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे हे दर सरकार स्वतःच्या सोयीने ठरवतं.

ए-४०३: म्हणतोच. दोन्हीकडच्यांनी केलंय. आणि त्याची झळ सर्वांत जास्त आपल्याला बसली. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक. तीन वर्षं झाली, नगरसेवक नाही.

ए-१०१ (सेक्रेटरी): हे मात्र मी स्वतः भोगतोय. मागच्या गल्लीतल्या पावसाळी गटाराचं झाकण बसवून घ्यायला क्षेत्रीय कार्यालयात सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी टेबल वेगळं. पूर्वी नगरसेवकाला रात्री दहाला फोन लावता यायचा. मत द्यायचं की नाही हे आपल्या हातात होतं म्हणून तो उचलायचाही. आता ज्याच्या हातात सगळं आहे, त्याला आपल्या मताची गरजच नाही.

सी-२०१: दादा, मग हे राजकारण नाही का? की गटाराचं बोललेलं चालतं आणि शाळेचं नाही?

ए-१०१ (सेक्रेटरी): ताई, तुम्ही पकडलंत मला. खरं सांगायचं तर माझी भीती भांडणाची आहे. शेजारी म्हणून आपल्याला पुढची वीस वर्षं एकमेकांची तोंडं बघायची आहेत. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर गाडी काढणारा शेजारीच असतो, मग तो कुणालाही मत देणारा असो.

ए-२०३: खरं आहे दादा. पण आजच्या बोलण्यात कुणी कुणाला दुखावलं नाही. गाड्यांच्या नव्या सुरक्षा नंबरप्लेटच्या वेळी उलट झालं होतं. मार्चअखेरची मुदत आहे म्हणून कुणीतरी फॉरवर्ड टाकला, दंडाचे आकडे टाकले. सगळ्यांनी धावपळ केली. मुदत जूनअखेर झाली, आता १५ ऑगस्ट झालीये. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असलेल्यांनाच ती प्लेट लागते, हे त्या फॉरवर्डमध्ये नव्हतंच. वरच्या मजल्यावरचे आजोबा २०२१ ची स्कूटर घेऊन विचारत फिरत होते. निर्णयाची मूळ प्रत कुणी वाचली असती तर त्यांची पायपीट वाचली असती.

ए-१०१ (सेक्रेटरी): मग असं करू या का? नेत्यांचे फोटो, व्हिडिओ, टोमणे बंदच. सरकारी निर्णयावर बोलायचं असेल तर निर्णयाची प्रत टाकून बोला. ती संकेतस्थळावर असते ना, काका?

ए-४०३: असते. शासन निर्णयांचं वेगळं संकेतस्थळ आहे. विभाग आणि तारीख टाकली की सापडतो, खाली सांकेतांक क्रमांक असतो. ज्या ‘जीआर’वर तो क्रमांक नाही, तो पुढे पाठवू नका.

बी-३०४: मला मान्य. पण दबावाशिवाय हा जीआर मागे गेला नसता, हे माझं मत मी बदलणार नाही.

ए-४०३: बदलू नका. माझंही मत फार वेगळं नाही. लोकांना मोर्चाच काढावा लागतो याचंच मला वाईट वाटतं.

सी-५०२: ६ मे ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितलंय. म्हणजे प्रभागाचा मसुदा लवकरच येईल. गेल्या वेळी आपली ए विंग एका प्रभागात आणि रस्त्यापलीकडची सोसायटी दुसऱ्यात गेली होती, गटार मात्र दोघांचं एक. तेव्हा हरकत कुणीच घेतली नाही.

ए-१०१ (सेक्रेटरी): या वेळी घेऊ. काका, मसुदा तुम्ही लिहाल?

ए-४०३: लिहितो. नकाशा आला की रविवारी क्लबहाउसमध्ये बसू, त्या सोसायटीच्या लोकांनाही बोलवा. आणि सी-२०१ ताई, जाधव समिती लोकांची मतं मागवेल तेव्हा तुम्ही जरूर लिहा. पहिलीच्या मुलीची आई म्हणून लिहा, रोज संध्याकाळी अभ्यासाला बसल्यावर काय होतं ते लिहा.

सी-२०१: लिहीन काका. तिच्या बाईंनाही विचारते, त्यांना लिहायची इच्छा आहे, पण शाळेत बोलायला भीती वाटते म्हणाल्या.

ए-४०३: त्यांनी पालक म्हणून लिहावं. त्यांचीही मुलं शाळेत असतीलच की.

सी-२०१: आहे, मुलगा दुसरीत आहे. उद्या सकाळी बसस्टॉपवर भेटतील तेव्हा सांगते.