पद्मिनीच्या टाकीतला सक्शन पाईप घरी बनवायचाय. पाईप कोणता, जोड कसला?

कुर्ला_११००
नमस्कार मंडळी. प्रीमियर पद्मिनी, १९८६. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की फ्लायओव्हर चढताना पेट्रोल खेचत नाही. टाकी भरली की ठणठणीत. टाकीवरची प्लेट काढून पाहिली. सक्शन पाईप (ज्यातून पंप पेट्रोल खेचतो तो) प्लेटपासून ११ सेंमीवर गंजून चाळण झालाय, खालची जाळी निम्मी गायब. फ्लोट (पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा तरंगता भाग) आणि पाईप एकाच गोल प्लेटवर आहेत. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात मिळालेल्या पार्टची भोकं जुळत नाहीत. एसीवाल्यांचा ८ मिमी तांब्याचा पाईप हाताशी आहे. तोच कथिलाने डागला तर चालेल का? प्लेटखालच्या कॉर्कच्या पॅकिंगचाही भुगा झालाय.

पाना_१०_११
दुखणं बरोबर पकडलंत. भोक पेट्रोलमध्ये बुडालेलं असतं तोवर तिथूनही पेट्रोलच आत जातं, म्हणून कळत नाही. पातळी भोकाखाली उतरली की पंप हवा ओढतो. बाहेरची होज चिरली असती तर हा त्रास टाकी भरलेली असतानाही दिसला असता.

तांबं नको. तांब्यामुळे पेट्रोल लवकर खराब होऊन चिकट गोंद धरतो. शिवाय एका टोकाला पक्का, दुसऱ्या टोकाला लोंबता असा तांब्याचा पाईप हादऱ्यांनी कडक होत जातो आणि बरोबर जोडापाशी तडकतो. कथिलाचा डागही तिथेच सुटतो.

८ मिमी बाहेरचा व्यास, १ मिमी जाडी, एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चा पाईप घ्या. आतला ६ मिमी व्यास या इंजिनाला भरपूर झाला. वाकवताना कोरडी बारीक वाळू ठासून भरा, दोन्ही तोंडं बंद करा आणि वळणाची त्रिज्या २५ मिमीच्या आत आणू नका. स्टील थोडं परत उघडतं, तेव्हा दोन-तीन अंश जास्त वाकवा. खालचं टोक ४५ अंशात तिरपं कापा आणि टाकीच्या तळापासून १० ते १२ मिमी वर ठेवा. सपाट कापून तळाला टेकवलंत तर तोंडच बंद होतं, शिवाय साचलेलं पाणी आणि गाळ आधी ओढला जातो.

जोडाला ४५ टक्के चांदीची ब्रेझिंग कांडी (कथिलापेक्षा जास्त उष्णतेवर वितळणारा पक्का डाग) वापरा, पण कॅडमियम नसलेली. कॅडमियमचा धूर विषारी. फ्लक्स (डाग धरावा म्हणून लावायची पेस्ट) स्टेनलेसचा वेगळा मिळतो. प्लेटचं भोक ८.१ मिमी, त्याहून सैल नको, कारण चांदी फटीत ओढली जाते ती फट बारीक असली तरच. सगळ्यात महत्त्वाचं: उष्णता देण्याआधी फ्लोटची रेझिस्टन्स वायर आणि टर्मिनलचा इन्सुलेटिंग बुश काढून ठेवा, नाहीतर पाईप बनेल आणि गेज जाईल. शेवटी गरम पाणी आणि ब्रशने फ्लक्स पूर्ण घालवा.

नागदेवी_नट
पाईपाबद्दल सहमत, जोडाबद्दल नाही. दादा, स्टेनलेसवर चांदी धरवणं पहिल्या फटक्यात जमत नाही. पाईप जरा जास्त तापला की फ्लक्स जळतो आणि चांदीचे नुसते गोळे होतात. प्लेटही २ मिमी एसएसची कापा, जुन्या प्लेटवरून भोकं कागदावर उतरवून घ्या, आणि दोन्ही तुकडे टिगवाल्याकडे (टिग वेल्डिंग करणाऱ्याकडे) न्या. प्लेट जाड अॅल्युमिनियमच्या पट्टीवर क्लॅम्प करून वेल्ड करायला सांगा, नाहीतर ती बशीसारखी वाकते आणि मग कुठलंच पॅकिंग धरत नाही. घरी आणल्यावर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा. जिथे घासलं जात नाही तो खड्डा.

जाळी १०० मेशची (इंचात १०० छिद्रं) स्टेनलेस: २० मिमी व्यास, ४० मिमी लांब नळकांडं. छिद्रांची एकूण जागा पाईपच्या भोकाच्या पंचवीसएक पट होते, म्हणून थोडी चोंदली तरी गाडी चालते. याहून बारीक जाळी नको. सक्शनच्या बाजूला जितका अडथळा, तितका मे महिन्यात व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा तुटणं.

पॅकिंग वायटॉनचं (पेट्रोलला टिकणारं रबर), २ मिमी शीट, नागदेवीच्या बाजारात कापून मिळतं. सिलिकॉन सीलंट लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं, सुटतं आणि तुकडे जाळीत अडकतात. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून पॅकिंगला लावायचा जुना शेलॅकही (लाखेचा लेप) विरघळतो. बाहेरची होज फ्लोरो (वायटॉनसारख्या रबराच्या) अस्तराची घ्या, आणि पाईपाच्या टोकाला उभार हवा, नाहीतर क्लिप कितीही आवळा, हवा शिरतेच.

कुर्ला_११००
धन्यवाद दोघांना, पाईप टिगचाच करतो. टाकीच्या तळाला सुईएवढी दोन भोकंही दिसली. टाकी रिकामीच आहे, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गॅस टॉर्चने डागून टाकू का?

पाना_१०_११
अजिबात नाही! भरलेल्यापेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेटते. चाळीसेक लिटरच्या टाकीत खालची हद्द गाठायला अर्धा चमचा पेट्रोल पुरतं, आणि तेवढं तर शिवणीत आणि गंजाखाली लपलेलं असतं. वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असंही समजू नका. वाफ हवेपेक्षा जड, पार्किंगच्या फरशीवरून सरपटत विजेच्या मीटरच्या खोलीपर्यंत जाते. रेडिएटर-टाकीचं काम करणाऱ्याकडे द्या. तो वाफेने धुऊन, पाणी भरून मगच पत्र्याचा तुकडा डागतो. घरी फक्त सुट्या भागाचं काम.

टाकी परत आली की गळती तपासताना टायरचा कॉम्प्रेसर लावू नका. एक पारदर्शक नळी यू आकारात पाणी भरून जोडा, तोंडाने फुंका. दोन पातळ्यांत ३५ सेंमी फरक आला की अर्धा पीएसआय दाब, तेवढा बस. टाकीची बाजू ४० बाय ५० सेंमी धरली तरी तिच्यावर ७० किलोचा रेटा येतो. साबणाचं पाणी लावा, फुगे बघा.

नागदेवी_नट
अजून एक, नंतर डोकं खाजवत बसाल म्हणून. जुन्या प्लेटला स्क्रूंमधून गेजचं अर्थिंग मिळायचं. आता खाली रबर आणि टाकीला नवा रंग, म्हणजे गेजचा काटा मेला किंवा नाचायला लागला तर फ्लोटला दोष देऊ नका. प्लेटच्या एका स्क्रूखाली रिंग टर्मिनल लावून वायर बॉडीच्या उघड्या पत्र्याला न्या. आणि झाकणाचं हवेचं भोक सुईने मोकळं करा. ते बंद असेल तर नवा पाईप घालूनही गाडी अर्ध्या तासात तशीच गुदमरेल.