मदत हवी आहे: लहान वृद्धाश्रमाची पाहणी करायची आहे, नेमकं काय तपासू?

नळस्टॉप (धागाकर्ता)
आमचा ट्रस्ट एका वृद्धाश्रमाला दरवर्षी देणगी देतो. यंदा रक्कम मोठी आहे, त्यामुळे आधी सुरक्षितता आणि शुश्रूषा यांची पाहणी करून अहवाल द्या, असं विश्वस्तांचं म्हणणं. आम्ही तिघे जाणार, दोन तास मिळणार. नेटवरच्या याद्या सगळ्या परदेशी, शंभरेक मुद्द्यांच्या. त्यात 'अग्निरोधक दरवाजे' वगैरे. इथे बंगल्यात कुठले आणायचे? येत्या गुरुवारी जायचंय, तेव्हा थेट कामाचं सांगा. 'स्वच्छता बघा, आजी-आजोबांशी गप्पा मारा' एवढं कळतं आम्हाला.

उंबरठा
खाटा किती? मजले किती?

नळस्टॉप
१६ खाटा. पुण्यात धायरीकडचा नेहमीसारखा बंगला.

उंबरठा
'नेहमीसारखा' म्हणजे काय ते तुम्हालाच ठाऊक. लिफ्ट आहे का? अंथरुणाला खिळलेले किती आणि कोणत्या मजल्यावर? नाकातल्या नळीने जेवणारे, लघवीची पिशवी लावलेले, ऑक्सिजनवर असलेले किती? विसरभोळेपणाच्या आजाराचे किती? रात्री माणसं किती? हे कळल्याशिवाय यादी म्हणजे अंधारात बाण.

पेठेतला_पाहुणा
मुळात आईवडिलांना तिथे ठेवायची वेळच का यावी? चांगल्या ब्यूरोची मदतनीस घरी २४ तास मिळते.

चहा_बिनसाखर
पाहुणे, वेगळा धागा काढा. इथे विषय तपासणीचा आहे.

निवृत्त_सिस्टर
उंबरठा यांचे प्रश्न बरोबर आहेत, पण उत्तरं येईपर्यंत शुश्रूषेचं सांगते.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, त्याचा तक्ता मागा. त्यावर नुसत्या सह्या मोजू नका. तुम्ही दुपारी चारला बघताय आणि सहा, आठ, दहाचे रकाने आधीच भरलेले आहेत? मग तो तक्ता खोटा. एकाच पेनाने, एकाच अक्षरात आठवडाभराच्या रात्री भरलेल्या असतील तरी तेच. ४ वाजता 'डावी कूस' लिहिलंय आणि माणूस उताणा आहे, हेही टिपा.

मग त्वचा. माकडहाड, टाचा, नितंबाची बाजू, कानामागची कड (ऑक्सिजनची नळी तिथे घासते). हे तुम्ही स्वतः उघडून बघायचं नाही. त्या व्यक्तीची संमती घ्या, पडदा ओढून तिथल्या सिस्टरलाच दाखवायला सांगा. लाल भाग बोटाने दाबून सोडला की क्षणभर फिका पडला पाहिजे. लालच राहिला तर ती बेडसोरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं का ते सिस्टरला विचारा. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे किंवा रबरी चकती दिसली तर अहवालात लिहा. चकतीच्या कडेवर दाब येऊन मधला रक्तपुरवठाच कमी होतो. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहायला हवी.

लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला न टेकलेली, नळी मांडीला चिकटवलेली. नाकातून भरवताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि भरवल्यावर किमान अर्धा तास तसंच. तुम्ही गेल्यावर नळीतून भरवून झालेला माणूस सपाट झोपलेला दिसला, तर बाकी फाइली कितीही नीट असोत.

गादीवाला_पंत
सिस्टर, हल्ली एअर बेड (पंपावर चालणारी हवेची गादी) असतो. दोन तासांनी मावशींना पळवायची गरज नाही. देणगीतून एअर बेडच घेऊन द्या, प्रश्न मिटला.

निवृत्त_सिस्टर
नाही मिटत. एअर बेडवरही कूस बदलावीच लागते. आणि बेड चालू आहे की नाही हे बघणं हीच मुळात तपासणी. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे लावलेलं असतं का? ४५ किलोच्या आजींना ९० वर ठेवलं की गादी दगड होते. गादीखाली, माकडहाडाच्या रेषेत हात सरकवा. माणूस आणि खालच्या फळीमध्ये इंचभर तरी हवा लागली पाहिजे. लागत नसेल तर तो लोखंडी खाटेवरच झोपलाय. वर गोधडी, रबरी शीट, चादर असे चार थर असतील तर त्या फुग्यांचा उपयोग शून्य.

गादीवाला_पंत
थर न घालता ओलं झालं तर धुणार कोण?

निवृत्त_सिस्टर
एक डायपर, एक पातळ चादर. बस.

कायदेभान
आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ नुसार मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, कमाल दरमहा १०,००० रुपये. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा.

चहा_बिनसाखर
पण हे विचारलंय कुणी?

कायदेभान
माहिती असावी म्हणून दिली. आणि धागाकर्ते, तुम्ही सरकारी निरीक्षक नाही. देणगीदार म्हणून फक्त व्यवस्थापनाच्या परवानगीने बघू शकता. कुणाच्या वैद्यकीय कागदांचे फोटो काढू नका, अहवालात नावाऐवजी खाट क्रमांक टाका.

फ्यूजवायर
आता वीज आणि आग. कागद नंतर, आधी बोट. मुख्य पॅनेलवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) शोधा, त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की वीज गेलीच पाहिजे. नाही गेली तर ओल्या न्हाणीघरात शॉक बसल्यावरही जाणार नाही. पण दाबण्याआधी सांगा हं, एअर बेडचे पंप आणि ऑक्सिजन यंत्र बंद पडतील.

अग्निशामक नळकांडं: काटा हिरव्यात, पिनेची सील शाबूत, भरल्याची तारीख लावलेली. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं. तिथे 'काटा ठीक' असं लिहून आलात तर हसू होईल. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यात जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचा 'फॉर्म बी' (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यायचा असतो. तो मागा. नसला तर का नाही, एवढं विचारून उत्तर लिहून घ्या.

न्हाणीघरात गॅस गीझर आहे का ते सगळ्यात आधी बघा. बंद दार आणि बंद खिडकी असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि म्हातारं माणूस गुंगीत खाली बसलं की बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चाललीय. गीझर बाहेर हलवा, हाच उपाय. एक्झॉस्ट फॅनवर भागवू नका.

उंबरठा
+१. विजेच्या गीझरचं पाणीही मोजा. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर न्या. नळ दोन मिनिटं सोडून मग बघा.

गादीवाला_पंत
गीझर ४० वर ठेवायला सांगा, भाजायचा प्रश्नच नाही.

उंबरठा
चूक. साठवणीच्या टाकीत कोमट पाणी राहिलं की लीजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. आत ६० अंश ठेवायचं आणि बाहेर मिसळायचं. ६० अंशांना म्हाताऱ्या कातडीला भाजायला काही सेकंद पुरतात, म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि अंगावर घेण्याआधी मावशींनी कोपर बुडवून बघायचं. अंगावर ४३ च्या वर कधीच नाही. मावशींना नुसतं विचारा, 'बादली कशी भरता?' आधी गरम असं उत्तर आलं की कळलं.

धागाकर्ते, माझे प्रश्न अजून लटकलेत.

नळस्टॉप
देतो बाबा. खाली ९, वर ७. लिफ्ट नाही. वरच्या सातांपैकी चार अंथरुणावर, कारण खाली गजबज असते आणि वर त्यांना शांतता मिळते. त्यांतल्या एकांना ऑक्सिजनचं यंत्र. दोघींना नाकात नळी. रात्री एक मावशी, ती खाली झोपते. वरचे एक आजोबा भटकतात म्हणून जिन्याच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप असतं. हे सगळीकडे असंच असतं ना?

फ्यूजवायर
आणि हे इतक्या प्रतिसादांनंतर सांगताय! माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तुमच्या अहवालाचं पहिलं पान हेच.

अंथरुणावरचा माणूस चादरीसकट ओढत जिन्यावरून आणायला दोन धडधाकट माणसं लागतात. तुमच्याकडे रात्री एक मावशी, चार माणसं, आणि मध्ये कुलूप. धूर जिन्यातूनच वर चढतो. खिडक्यांना जोडकाम केलेले गज असतील तर तोही मार्ग बंद. किल्ली कुठे असते ते मावशीला, व्यवस्थापकांच्या गैरहजेरीत, विचारा.

निवृत्त_सिस्टर
आणि एकटी मावशी रात्री वर जाऊन चौघांची कूस दर दोन तासांनी बदलते, हे कोणत्या तक्त्यात लिहिलंय ते बघाच. एका माणसाला नीट उचलून वळवायला दोघी लागतात. एकटीने ओढलं की कातडी चादरीला घासून सोलते. घास श्वासात गेला, ओकारी झाली, तर खाली ऐकू तरी येईल का? वर बेल आहे का, ती खाटेवरून हाताला लागते का, वाजवल्यावर किती वेळात कुणी येतं, हे घड्याळ लावून करा.

नळस्टॉप
पण शांततेचं काय? वरचे नातेवाईक तक्रार करतील.

उंबरठा
ज्यांना चालता येतं आणि ज्यांना शांतता हवी ते वर. ज्यांना उचलावं लागतं ते खाली. त्याला पैसेही लागत नाहीत. भटकणाऱ्या आजोबांनाही खालीच घ्या, त्यांना जिना नको. मुख्य दाराला उघडल्यावर वाजणारी बेल लावा. आतून किल्लीशिवाय उघडेल अशी कडी हवी, कुलूप नको.

औषधवाला
माझं थोडक्यात. औषधांच्या कपाटात कापलेल्या पट्ट्या बघा. शेवटची तारीख छापलेला तुकडा आधी वापरला गेलेला असतो. इन्सुलिन फ्रिजच्या दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर नकोच. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. बहुतेक कुप्या उघडल्यापासून २८ दिवस चालतात, म्हणजे कुपीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहिलेली हवी. नळीतून देताना 'एसआर' (औषध हळूहळू सोडणाऱ्या) किंवा आवरणाच्या गोळ्या कुटून देतात का ते विचारा. 'एसआर' कुटली की दिवसभराचा डोस एकदम जातो.

रात्रीचं जेवण किती वाजता? साडेसहाला जेवण आणि साडेआठला नाश्ता म्हणजे १४ तासांचा उपास. इन्सुलिनवाल्यांची साखर पहाटे उतरते. रात्रीच्या मावशीला ७० च्या खाली आल्यावर काय करायचं विचारा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८.

आणि सकाळी अकराला सगळे गाढ झोपलेले असतील तर झोपेच्या गोळ्या कुणाच्या चिठ्ठीवर, किती जुन्या चिठ्ठीवर चालल्यात ते बघा.

चहा_बिनसाखर
वजनाची वही राहिली. दर महिन्याला वजन. सहा महिन्यांत ६० चं ५४ झालं म्हणजे १० टक्के गेलं, डॉक्टरांना दाखवल्याची नोंद हवी. भिंतीवरचा मेनू वाचू नका, ही वही वाचा.

पेठेतला_पाहुणा
न सांगता जा. सांगून गेलं की सगळं चकाचक.

कायदेभान
न सांगता गेलात तर दारातून परत याल.

उंबरठा
सांगून जा, पण वेळ बदला. सकाळच्या दोन तासांऐवजी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ मागा. पाळी बदलताना काय सांगितलं जातं ते ऐकायला मिळेल, रात्रीचे लोक मोजता येतील.

नळस्टॉप
संध्याकाळची वेळ मागितली, मिळाली. फोनवरच विचारलं, किल्ली मावशीच्या उशाखाली असते म्हणे. चौघांना खाली घ्यायची अट देणगीच्या पत्रात घालतोय. एक शंका: ऑक्सिजनचं यंत्र पाच लिटरचं, इन्व्हर्टर आहे, बॅटरी १५० एएचची एकच. किती वेळ चालेल?

फ्यूजवायर
यंत्र साधारण ३५० वॅट धरा. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-तास (एएच) म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले ७० टक्के हाती लागतात. साडेतीन तास, तेही नवी बॅटरी आणि त्यावर दुसरं काही नसेल तर. पंखे-दिवे जोडले असतील तर दोन. जुन्या बॅटरीचं काही सांगता येत नाही, प्लग काढून यंत्र चालवून बघा.

निवृत्त_सिस्टर
प्लग काढायच्या आधी सिलिंडर जोडून तयार ठेवायला सांगा. बी-टाइप (१० लिटर हे नळकांड्याचं आकारमान, आत वायू दाबून भरलेला) पूर्ण भरलेला असेल तर दर मिनिटाला २ लिटरने बारा तासांच्या आसपास जातो. साखळीने बांधलेला हवा, सिलिंडर उघडायची किल्ली त्यालाच अडकवलेली हवी, आणि त्या खोलीत देवापुढे निरांजन नको.

उंबरठा
गुरुवारी जाताय ना? त्या दिवशी बऱ्याच भागांत पालिकेचं पाणी बंद असतं आणि दुरुस्तीसाठी वीजही जाते. टाकीत किती पाणी उरलंय ते गेल्या गेल्या बघून घ्या.