हिरव्या फितीचे पदक कोणते?

खानापूरकर: आमच्या गावातील एका माजी सैनिकांच्या देवघराशेजारी कांस्याचे एक गोल पदक असून त्याच्या हिरव्या फितीवर तीन उभ्या रेषा आहेत. ते युद्धात मिळालेले नाही, असे घरचे सांगतात. मग त्याला वीर चक्र म्हणता येईल का?

निपाणीकर: नाही, वर्णनावरून ते शौर्य चक्र आहे. वीर चक्र चांदीचे असते, त्याची फीत अर्धी गडद निळी व अर्धी केशरी असते आणि ते शत्रूसमोरील पराक्रमासाठी देतात. दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेसारख्या, रणांगणाबाहेरील जिवावरच्या कामगिरीसाठी मात्र शौर्य चक्र असते, जे १९५२ साली ‘अशोक चक्र, वर्ग तिसरा’ या नावाने सुरू झाले आणि १९६७ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले.

बेळगावकर: मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे, तिथेही लोक ही दोन्ही पदके सर्रास एकच समजतात! शौर्य चक्र नागरिकांनाही मिळू शकते. मानक्रमात ते वीर चक्राच्या लगेच खाली येते. आणि एक विनंती, घरच्यांनी ते चिंचेने घासू नये.

खानापूरकर: चिंचेची सूचना उशिरा आली, मागील बाजूची अक्षरे आधीच पुसट झाली आहेत.