विषय: मंडळाची लांब काळी केस कोणाकडे आहे? (गुरुवारी फ्लाइट)

प्रेषक: मनीषा
सोमवार, रात्री ९:४०

मंडळी,
कीबोर्डची ती लांब काळी हार्ड केस सध्या कोणाच्या गराजमध्ये आहे? गुरुवारी सकाळी आमच्या सईला एअर रायफलच्या मॅचसाठी घेऊन न्यू जर्सीहून डेन्व्हरला निघतेय, पुढे कोलोराडो स्प्रिंग्ज. आमची रायफलची केस मागच्या मॅचहून आली ती एका कडीपाशी तडकून. नवीन मागवली तर शुक्रवारी येणार म्हणे. आठ दिवसांत परत आणून देते. कुलपं माझ्याकडे आहेत.
– मनीषा

प्रेषक: श्रीरंग (ध्वनिव्यवस्था)
सोमवार, रात्री १०:१५

मनीषाताई,
केस माझ्याकडे आहे. पण ती मंडळाची मालमत्ता आहे आणि कीबोर्डच्या मापानं घेतलेली आहे. मागे एकांनी (नाव घेत नाही) तबल्यासाठी नेली तेव्हा आतला फोम कापून परत आणली. त्या आधी दिवाळीच्या नाटकाला गेली तेव्हा कॉलरचा वायरलेस माईक गहाळ झाला, तो आजपर्यंत सापडलेला नाही. कमिटीची परवानगी घ्या. फोम कापायचा नाही आणि ड्रिल लावायचं नाही, या माझ्या दोन अटी.
– श्रीरंग

प्रेषक: नीलेश
सोमवार, रात्री १०:२२

माईक कोणाकडून गेला ते सगळ्यांना माहीत आहे असं सुचवायचं असेल तर सरळ बोला. मी त्या दिवशी फक्त पडदा ओढत होतो.

प्रेषक: केदार
सोमवार, रात्री ११:०५

मनीषा, माईकचं राहू दे. कीबोर्डची केस चालते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

बंदुकीची म्हणून विकलेलीच केस हवी असं टीएसएचं (इथल्या विमानतळांवरच्या सरकारी तपासणीवाल्यांचं) म्हणणं नाही. कडक बाजूंची हवी, कुलूपबंद हवी, आणि कुलूप असताना आत हात जाता कामा नये. घोटाळा इथे होतो. त्या केसला कड्या चार आहेत आणि कुलपाची भोकं दोनच, तीही मधोमध. कोपरा धरून ओढला आणि बोटं जाण्याइतकी फट पडली तर काउंटरवरून परत पाठवतील. श्रीरंग, उद्या कुलपं लावून चारही कोपरे ओढून बघशील का?

कुलूप साधंच लाव, टीएसएचं लाल चिन्हवालं नको. नियमात चावी फक्त प्रवाशाकडे असावी असं लिहिलंय. टीएसएच्या मास्टर चावीनं उघडणारं कुलूप म्हणजे चावी आणखी शेकडो लोकांकडे. त्यातून २०१५ मध्ये त्या मास्टर चाव्यांचे थ्री-डी नमुने इंटरनेटवर फुटले. मला एकदा एका एअरलाइनच्या बाईंनी 'टीएसएचंच कुलूप हवं' म्हणून वीस मिनिटं उभं केलं. मी छापील कागद काढून दाखवला तेव्हा सुटलो. तूही कागद ने.

काउंटरवर 'आय हॅव अ गन' म्हणू नकोस. मी पहिल्या खेपेला म्हणालो होतो, मागची पूर्ण रांग दोन पावलं सरकली. 'आय नीड टु डिक्लेअर अ फायरआर्म' म्हण. एअरगन असली तरी असंच सांग, बहुतेक एअरलाइन त्याच रांगेत धरतात. मोबाइलवर चेक-इन केलं असलं तरी काउंटरवर जावंच लागतं. बंदूक रिकामी असल्याच्या कार्डावर सही-तारीख घालायची. बाहेरून 'आत बंदूक आहे' असं लेबल कोणी लावायला लागलं तर लावू देऊ नकोस, फेडरल कायद्यानं वाहतूक कंपनीला तसं लेबल लावायला मनाई आहे. आणि बॅग आत गेली की लगेच कॉफीला पळू नका, पंधरा-वीस मिनिटं जवळच थांबा. तपासणीवाल्यांना केस उघडायची झाली आणि तुम्ही सापडला नाहीत तर केस इथेच राहते.
– केदार

प्रेषक: अविनाशकाका
मंगळवार, सकाळी ६:१०

अगं मनीषा, एअर रायफल म्हणजे छऱ्याचीच ना? त्याला एवढी कुलपं? आमच्या राजापूरकडे वानरं हाकलायला घराघरात असते. आंब्याच्या दिवसांत मुलंसुद्धा घेऊन फिरतात. आजोबांची ठासणीची होती, तिला मात्र शेती-संरक्षणाचा परवाना होता. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. आजोबा ती एसटीच्या टपावर गोधडीत गुंडाळून न्यायचे. कंडक्टर विचारायचा, "काय नाना, मत कोणाला?" एवढीच काय ती सिक्युरिटी!
आणि वानरं निवडणुकीच्या महिन्यातच जास्त यायची, हे मी शपथेवर सांगतो.

प्रेषक: प्रज्ञा
मंगळवार, सकाळी ८:३०

काका, इथे गंमत उलटी आहे. फेडरल कायद्यात एअर रायफल फायरआर्म नाही. आपल्या न्यू जर्सीच्या कायद्यात आहे. हवेच्या दाबानं छोटी गोळी सुटते आणि माणसाला इजा होऊ शकते, एवढं पुरतं. त्यामुळे इथे ती विकत घ्यायलाच पोलिसांकडून आयडी कार्ड काढावं लागतं. मनीषानं ते काढलंय, मला माहीत आहे, फॉर्म आम्ही दोघींनीच भरला होता. नव्या लोकांनी राजापूरचा अनुभव इथे चालवू नये.

मनीषा, फ्लाइट डायरेक्ट आहे ना? एका युटाच्या माणसाचं प्रकरण वाचून ठेव. २००५ साली बॅगेत कुलूपबंद पिस्तूल, रीतसर डिक्लेअर केलेलं, जायचं होतं पेनसिल्व्हेनियाला. आपल्या न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढचं विमान चुकलं, बॅग घेऊन रात्री हॉटेलात राहिला, सकाळी विमानतळावर येऊन पुन्हा प्रामाणिकपणे डिक्लेअर केलं आणि अटक झाली. काही दिवस कोठडीत. आरोप पुढे मागे घेतले, पण त्यानं केलेला दावा २०१० मध्ये अपील कोर्टात हरला. १९८६ च्या फेडरल कायद्यानं प्रवासात संरक्षण आहे, पण हत्यार हाताशी नसेल तरच. हॉटेलात बॅग हाताशी होती. आणि तुझ्या बाबतीत तर तो कायदा 'फायरआर्म'साठी आहे, म्हणजे एअर रायफलला त्याचा आधार धरताच येत नाही. येताना विमान दुसऱ्या राज्यात उतरवलं तर केस ताब्यात घेऊ नकोस, एअरलाइनकडेच राहू दे.

प्रेषक: विक्रम
मंगळवार, सकाळी ९:०२

सईला कोल्हापूरकरांकडून शुभेच्छा! तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि पॅरिसला ब्राँझ आणणारा आमचा स्वप्निल कुसळे, राधानगरी तालुक्यातला. सगळे आमच्याकडचे. पाण्यातच आहे.

प्रेषक: अविनाशकाका
मंगळवार, सकाळी ९:२०

पाणी पंचगंगेचं की रंकाळ्याचं? आणि अंजली भागवत कुठल्या, मुंबईच्या. उगाच सगळं कोल्हापूरच्या नावावर घेऊ नका. तांबडा-पांढरा तेवढा तुमचा, मान्य.

प्रेषक: मॉडरेटर
मंगळवार, सकाळी ९:४५

कृपया विषयाला धरून लिहावे. गणपतीच्या पावत्यांचा धागा वेगळा आहे, तिथे कोणीही काहीही लिहीत नाही, याची नोंद घ्यावी.

प्रेषक: मनीषा
मंगळवार, दुपारी १२:३०

फ्लाइट डायरेक्ट आहे. प्रज्ञा, थँक यू, घाबरवलंस पण बरं झालं.

केसपेक्षा मला सिलिंडरची जास्त चिंता आहे. रायफलचा हवेचा सिलिंडर २०० बार दाबाचा. टीएसएचा नियम म्हणतो व्हॉल्व्ह पूर्ण वेगळा हवा आणि तोंड उघडं, आत बघता आलं पाहिजे. आमच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह काढणं माझं काम नाही, कोचसुद्धा हात लावत नाहीत. टीममधल्या बाकीच्या आया म्हणतात हवा सोडून काटा शून्यावर दाखवला की झालं, आम्ही नेहमी तसंच नेतो. कोणाचं ऐकू?

केदार, लेन्सवाली साइट आणि डोळ्याची पट्टी केबिन बॅगेत टाकली तर चालेल ना?

प्रेषक: केदार
मंगळवार, दुपारी १:१०

नियमाचं ऐक. 'नेहमी नेतो' म्हणजे 'अजून अडवलं नाही'. पेंटबॉलवाल्यांचे सिलिंडर काढून ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. तुमच्या टीममधलं कोणी गाडीनं जात नाहीये का? त्यांच्याकडे दे. रायफल विमानानं, हवा रस्त्यानं.
दुर्बीण केबिनमध्ये चालते, साइटलाही हरकत नसावी, पण मी असतो तर सगळं केसमध्येच टाकलं असतं. बोल्ट, फायरिंग पिन, मॅगझिन असले सुटे भाग केबिनमध्ये अजिबात नाहीत.

प्रेषक: सुमीत
मंगळवार, दुपारी १:४०

नवीन मेंबर आहे, एच-वनवर. ऑफिसमधले लोक नेमबाजीच्या रेंजवर नेतात, मजा येते. पॉइंट टू-टूची बंदूक घ्यायचा विचार होता. विमानानं नेता येईल का?

प्रेषक: प्रज्ञा
मंगळवार, दुपारी २:०५

सुमीत, विमानाचं नंतर. एच-वन हा नॉन-इमिग्रंट व्हिसा आहे. अशांना फेडरल कायद्यानं बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकारीचं लायसन्स असणं वगैरे थोडे अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. आधी वकिलाला विचार, दुकानदाराला नको. हे मेलवर सांगून मी माझी फी बुडवतेय.

प्रेषक: मेघना
मंगळवार, रात्री ८:५०

मी या लिस्टवर फारसं लिहीत नाही, पण सुमीतचं वाचून राहवलं नाही.

आमच्या जवळच्या नात्यातले एक, टेक्सासला असतात. रेंजवर न्यायची पाठीवरची सॅकच सुट्टीत भारतात घेऊन गेले. जाताना कोणाला काही दिसलं नाही. परत येताना विमानतळावर स्कॅनरमध्ये बाजूच्या खिशाच्या अस्तरात एक गोळी दिसली. एकच. पोलीस, आर्म्स अॅक्ट, पासपोर्ट जमा. त्यांनी ती तिथे ठेवली नव्हती हे सगळ्यांना कळत होतं, पण कळून काय करणार? भारतात विनापरवाना एक काडतूससुद्धा गुन्हा. पुढे वकिलानं मांडलं की ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, असं सुप्रीम कोर्टानं १९७२ मध्येच म्हटलंय, आणि गुन्हा रद्द झाला. पण मधले चार महिने गेले. इकडे नोकरीवर रजा संपली, मुलांची शाळा सुरू झाली, आणि काकू सोलापूरहून रोज फोन करून विचारायच्या, "अरे पण तू गोळी घेऊन आलासच कशाला?"

मनीषा, तुमचे छरे म्हणजे काडतूस नव्हे, मला कळतं. पण ती केस मंडळाची आहे. उद्या तीच केस घेऊन कोणी कीबोर्ड मुंबईला नेईल. फोमच्या फटीत काय राहिलंय हे त्याला कसं कळणार? श्रीरंग, अट घालायचीच तर फोम कापू नका ही नको, फोम काढून झटकून द्या ही घाल.

प्रेषक: केदार
मंगळवार, रात्री ९:१५

मेघना, शंभर टक्के. माझ्या रेंजच्या बॅगेवर मी लाल पट्टी शिवून घेतलीय, ती घरात दुसऱ्या कशालाच वापरायची नाही. बायकोनं एकदा त्यात भाजी आणली तर आमचं भांडण झालं. इथेसुद्धा विसरणारे काही थोडे नाहीत. २०२३ मध्ये टीएसएला तपासणीच्या रांगेत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या सुमारे ९३ टक्के भरलेल्या. 'विसरलो' हेच सगळ्यांचं उत्तर. दंड हजारो डॉलरवर जाऊ शकतो, प्रीचेक (झटपट तपासणीची सवलत) जातं ते वेगळंच.

प्रेषक: नीलेश
मंगळवार, रात्री ९:२०

केदार, भाजी कसली होती?

प्रेषक: श्रीरंग (ध्वनिव्यवस्था)
बुधवार, सकाळी ७:५५

दोन कुलपं लावून कोपरे ओढले. मागच्या बाजूला काही नाही, पुढच्या उजव्या कोपऱ्याला एक बोट जातं. हात जात नाही. केदारचा फोन घेतला, तो म्हणाला बोटसुद्धा नको. मग दोन पट्टे आडवे आवळून बघितले, तरी बोट जातंच. ड्रिल लावायचं नाही असं मीच लिहिलं होतं, ते मागे घेतो. काल रात्री दोन्ही टोकांना एकेक भोक मीच पाडलं, आता कुलपं चार लागतील आणि बोट जात नाही. भोकाच्या कडा घासून दिल्या आहेत. लांबी ५४ इंच आहे, ओव्हरसाइझचे पैसे लागतील का ते एअरलाइनला फोन करून विचारा, काही जण नेमबाजीच्या सामानाला लावत नाहीत.

मेघनाताईंचं वाचून फोम पूर्ण उचलला. छरे-बिरे काही नाहीत. मात्र खालच्या थराखाली, हँडलच्या खोबणीत, कॉलरचा वायरलेस माईक सापडला. बॅटरीसकट.

नीलेश, तुला दुपारी फोन करतो.

रायफल सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवा, फोमवर घासू नये. संध्याकाळी सहानंतर घरी आहे.
– श्रीरंग

प्रेषक: नीलेश
बुधवार, सकाळी ८:०१

फोन नको. लिस्टवरच लिही.

प्रेषक: मनीषा
बुधवार, सकाळी ८:३०

श्रीरंग, सहा वाजता येते, आणखी दोन कुलपं घेऊन. सिलिंडर टीममधल्या एकीच्या बाबांनी काल रात्रीच नेला, ते गाडीनं निघालेत. चादर आहे.

प्रेषक: अविनाशकाका
बुधवार, सकाळी ८:४२

चादर पुलगमची की चाटलांची? आमच्याकडे दोन्ही आहेत, लागली तर सांग.